तोट्याची मर्यादा

वस्तु विकत घेतांना मनुष्य जितकी बुद्धि खर्च करतो तितकी ती टाकून देतांना करीत नाहीं. मंडईंत एकेक वांगें फिरवून पाहणारा गृहस्थ तेंच वांगें घरीं आल्यावर किडकें निघालें तर तें टाकण्यास दोन दिवस लावतो. कारण टाकणें म्हणजे आपली निवड चुकली अशी कबुली देणें होय, आणि ही कबुली वांग्याच्या बाबतींतहि जिवावर येते. मग जेथें वांग्याच्या जागीं आयुष्याची शिल्लक असते तेथें मनाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आमच्या लहानपणीं पांढरपेशा घरांत पैशाचा विषय निघे तो पोस्टांतील ठेव, विम्याचा हप्ता आणि सोनें एवढ्यापुरताच. शेअरबाजार ही पेढीवाल्या व्यापाऱ्यांची वस्तु, तिचें नांव काढणें म्हणजे जुगाराचें नांव काढणें, अशी समजूत होती. आतां तो काळ राहिला नाहीं. २०२४ च्या मार्चांत देशांतील डिमॅट खात्यांची संख्या १५ कोटींच्या पुढें गेली. ज्या घरांत पूर्वीं जेवतांना नाटकांची चर्चा होत असे तेथें आतां निर्देशांकाची होते. म्हणून हा विषय वाङ्मयीन मासिकांत कशाला, अशी शंका कोणास आल्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, जेथें सुशिक्षित माणसाच्या मनाची रोज परीक्षा होते तो विषय नीतिशास्त्राच्या कक्षेबाहेरचा असूं शकत नाहीं.

निमित्त घडलें तें असें. आमची कन्या गेल्या वर्षापासून नोकरी करूं लागली आहे. शिल्लक टाकलेल्या पगारांतून तिनें कांहीं शेअर घेतले, आणि एके दिवशीं पानावर बसल्या बसल्या विचारलें, "बाबा, मी स्टॉप-लॉस लावूं का?" तीस वर्षें नीतिशास्त्र शिकविल्यामुळें कोणत्याहि प्रश्नास 'तुझ्या प्रश्नाचा नक्की अर्थ काय' असें उलट विचारून वेळ मारून नेण्याची संवय आम्हांस जडली आहे. त्या रात्रीं ती उपयोगी पडली. परंतु प्रश्न मनांतून गेला नाहीं, कारण त्याच्याशीं आमची एक जुनी जखम जडलेली आहे.

स्टॉप-लॉस म्हणजे दलालास आगाऊ देऊन ठेवलेली आज्ञा. ५०० रुपयांस घेतलेल्या शेअरचा भाव ४५० पर्यंत उतरला तर तो विकून टाकावा, असें आपण आजच सांगून ठेवतों. भाव त्या रेषेस टेकला कीं आज्ञा आपोआप जागी होते. तिचे प्रकार दोन. एकींत मिळेल त्या भावास विक्री होते. दुसरींत अमुक भावाच्या खालीं विकूं नये अशी अट असते. पहिलींत विक्री बहुधा होते, पण भावाची शाश्वती नाहीं. दुसरींत भावाची शाश्वती असते, पण विक्रीची नाहीं. अर्थात् '४५० ला लावला म्हणजे ५० रुपयांहून अधिक तोटा व्हायचा नाहीं' ही सार्वत्रिक समजूत दोहोंपैकीं एकाहि प्रकारास लागू पडत नाहीं. रात्रीं वाईट बातमी आली आणि सकाळीं तो शेअर ४०० वरच उघडला, तर ४५० ला घेणारा कोणी शिल्लकच नसतो. आज्ञा दाराशीं उभी असते, पण बाहेर रस्ता नसतो.

ही झाली व्यवहाराची बाजू. तिच्या मुळाशीं असलेला नीतिशास्त्राचा प्रश्न असा कीं, आजच्या मनानें उद्यांच्या मनाचे हात बांधून ठेवावे काय? उद्यांचें मन अधिक माहितीचें असेल, कारण आज जें घडलेलें नाहीं तें त्यास ठाऊक असेल. परंतु तेंच मन अधिक भ्यालेलें किंवा अधिक हट्टीहि असेल. या दोहोंपैकीं कोणावर भरंवसा ठेवावा?

बांधून ठेवावे असें म्हणणाऱ्यांचा पक्ष प्रथम पाहूं. हित कळत असून मनुष्य अहित करील हें सॉक्रेटिसास मान्य नव्हतें. चुकणारा अज्ञानानेंच चुकतो असें त्याचें मत. ॲरिस्टॉटलनें मात्र आपल्या नीतिशास्त्रांत एक मोठें प्रकरण याच कोड्यास दिलें, कारण कळतें पण वळत नाहीं अशीं माणसें त्याला सभोंवार दिसत होतीं. अलीकडील मानसशास्त्रज्ञांनीं ॲरिस्टॉटलचीच बाजू बळकट केली आहे. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनीं १९७९ मध्यें दाखविलें कीं, जितक्या रकमेच्या लाभानें आनंद होतो त्याहून तितक्याच रकमेच्या हानीचें दुःख पुष्कळ अधिक असतें, आणि निश्चित हानि पत्करण्यापेक्षां मनुष्य अधिक मोठ्या हानीचा धोका पत्करतो. १९८५ मध्यें शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनीं हाच विचार शेअरबाजारास लावला. टेरन्स ओडीन यांनीं १९९८ मध्यें एका अमेरिकन दलालीपेढीवरील १०,००० खातीं तपासलीं, तेव्हां असें आढळलें कीं लोक नफ्यांतील शेअर चटकन विकतात आणि तोट्यांतील उराशीं धरून ठेवतात. आणि विकलेले शेअर पुढील वर्षांत राखलेल्या शेअरांपेक्षां सरासरीनें अधिक वाढले. म्हणजे नेमकें जें ठेवायचें तें विकलें गेलें, आणि जें विकायचें तें ठेवलें गेलें. लंडनच्या बाजारांत संपत्ति मिळवून मग अर्थशास्त्राकडे वळलेल्या डेव्हिड रिकार्डोच्या नांवावर जो उपदेश सांगितला जातो तो याच्या उलट आहे: तोटा लौकर तोडावा, नफा वाढूं द्यावा.

या पक्षाचा एक पुरावा आम्ही स्वतःच आहों. २००७ च्या अखेरीस बाजार तेजींत असतां आम्हीं वडिलार्जित घराच्या वाटणींतून आलेल्या ३ लाख रुपयांतून एका बांधकाम कंपनीचे शेअर घेतले. भाव ३०० च्या आसपास होता. १८० झाला तेव्हां 'आतां स्वस्त मिळतो' म्हणून आणखी घेतले. ६० झाला तेव्हां 'आतां विकून काय उपयोग' असें म्हणूं लागलों. घरांतून एकदां विचारणा झाली, "आज हे पैसे रोख हातांत असते तर तुम्ही हाच शेअर घेतला असता का?" आम्हीं त्यावर अर्धा तास व्याख्यान दिलें, आणि त्यांत या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. उत्तर 'नाहीं' असें होतें, व तें आम्हांस पहिल्या क्षणींच ठाऊक होतें. पुढें ती कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयांत गेली आणि शेअरचे व्यवहारच बंद झाले. आम्हांस बुद्धि नव्हती असें नाहीं. ती सर्व बुद्धि न विकण्याचीं कारणें शोधण्यांत खर्ची पडली. शिकलेल्या माणसाचा हा विशेष धोका आहे. अडाणी मनुष्य हट्ट करतो तेव्हां त्यास तो हट्ट आहे हें दिसतें; आपला हट्ट मात्र सिद्धान्ताचा पोशाख घालून येतो.

द्यूतसभेंतील युधिष्ठिराची गोष्ट या दृष्टीनें पुन्हां वाचावी. त्याच्याइतका धर्माधर्म जाणणारा त्या सभेंत दुसरा क्वचितच असेल. परंतु डावास बसण्यापूर्वीं 'येथपर्यंत, यापुढें नाहीं' अशी रेषा त्यानें आंखली नव्हती. द्रव्य गेलें, राज्य गेलें, भाऊ गेले, स्वतः गेला, आणि शेवटीं द्रौपदीहि पणास लागली. एकदम कोणी द्रौपदी पणास लावा म्हटलें असतें तर तो उठून गेला असता. पायरी पायरीनें उतरणाऱ्यास शेवटची पायरी पहिलीहून फारशी निराळी वाटत नाहीं, हेंच त्यांतील भय आहे.

आतां दुसरा पक्ष. आमचे एक स्नेही गणिताचे निवृत्त अध्यापक आहेत. आमची कथा ऐकून त्यांनीं आपल्या प्रत्येक शेअरास मर्यादा लावून ठेविली होती. ४ जून २०२४ रोजीं लोकसभेच्या निवडणुकीची मोजणी चालू असतां बाजार कोसळला. आदल्या दिवशीं सेन्सेक्स ७६,४६९ वर बंद झाला होता, तो त्या दिवशीं ७२,०७९ वर आला. सरकारी मालकीच्या कंपन्यांचे शेअर सर्वांत अधिक पडले, आणि नेमके तेच स्नेह्यांपाशीं होते. दुपारच्या आंत त्यांच्या सर्व आज्ञा जाग्या होऊन शेअर विकले गेले. ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३ वर, म्हणजे पडण्याच्या आधींच्याहि वर, बंद झाला. त्या तीन दिवसांत कंपन्यांच्या कारखान्यांत कांहीं बिघडलें नव्हतें कीं सुधारलें नव्हतें. स्नेह्यांनीं शेअर पुन्हां घेतले नाहींत. विकल्या भावाहून महाग घेणें त्यांच्या स्वाभिमानास मानवलें नाहीं. "मी नियम पाळला, आणि नियम पाळल्याबद्दल दंड भरला," असें ते म्हणतात. आम्ही हट्टानें बुडालों, ते शिस्तीनें. तोट्याची रक्कम त्यांची लहान होती, हें मात्र प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

याहून मोठा आक्षेप असा कीं, एकट्याचें जें शहाणपण तें सर्वांनीं एकाच वेळीं आचरलें तर आपत्ति होते. १९ ऑक्टोबर १९८७ रोजीं अमेरिकेंतील डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसांत २२.६ टक्के पडला. भाव उतरूं लागतांच आपोआप विक्री करणाऱ्या यांत्रिक पद्धतींनीं त्या पडझडींत भर घातली, असें चौकशीअंतीं दिसून आलें. ६ मे २०१० रोजीं तेथेंच कांहीं मिनिटांच्या गोंधळांत नामांकित कंपन्यांचे शेअर एका सेंटास विकले गेले. बाजार लगेच सांवरला आणि असे कित्येक व्यवहार मागाहून रद्द करावे लागले. न्यूयॉर्क शेअरबाजारानें तर २६ फेब्रुवारी २०१६ पासून स्वतःकडे स्टॉप-लॉस आज्ञा घेणेंच बंद केलें. आपल्याकडे राष्ट्रीय शेअरबाजारानें २०२१ च्या सप्टेंबरांत ऑप्शनच्या व्यवहारांतील 'मिळेल त्या भावास विका' हा प्रकार थांबविला. कांटची जुनी कसोटी येथें आठवते: आपण ज्या नियमानें वागतों तो सर्वांचा नियम व्हावा असें आपणांस म्हणतां येईल काय? नाट्यगृहांत धूर दिसतांच प्रथम बाहेर पडण्याचा निश्चय प्रत्येकानें करून ठेवला, तर दार एकच असल्यामुळें तो निश्चय कोणाच्याच कामीं येत नाहीं.

दोन्ही पक्षांत इतकें तथ्य दिसतें, याचें कारण आमच्या मतें असें कीं, 'गुंतवणूक' या एका शब्दाखालीं आपण दोन भिन्न कृत्यें झांकतों. एखादा मनुष्य शेअर घेतो तो त्या धंद्याची पारख करून, वर्षानुवर्षें त्याचा भागीदार होण्यासाठीं. त्याच्या दृष्टीनें भाव उतरणें हें त्याच्या मताचें खंडन नव्हे. फार तर पुन्हां विचार करण्याचें निमित्त होय. ५०० ला योग्य वाटलेली वस्तु ४५० ला अधिक योग्य वाटावयास हवी, आणि वाटत नसेल तर ती ५०० लाहि घ्यावयास नको होती. असा मनुष्य स्टॉप-लॉस लावतो तेव्हां आपल्या विचारपूर्वक मतावर अनोळखी लोकांच्या एका दिवसाच्या धास्तीस अधिकार चालवूं देतो. दुसरा मनुष्य शेअर घेतो तो भाव चढत आहे म्हणून. त्याच्यापाशीं भावाखेरीज दुसरें कारणच नाहीं. भाव फिरला कीं त्याचें कारण संपलें. मग तेथें थांबणें हें धैर्य नसून केवळ आळस आहे. त्यानें मर्यादा अवश्य लावावी. कामिन्स्की आणि लो या अभ्यासकांनीं गणितानें हेंच निराळ्या भाषेंत मांडलें आहे: भाव यदृच्छेनें हलत असतील तर असल्या नियमानें सरासरी उत्पन्न वाढत नाहीं, उलट घटतें; भाव एकदां लागलेल्या दिशेनें वाहत राहत असतील तरच त्याचा उपयोग.

आम्ही मात्र बांधकाम कंपनीचे शेअर घेतले ते दुसऱ्या माणसाप्रमाणें, आणि राखले ते पहिल्याच्या ऐटींत. बहुसंख्य लहान गुंतवणूकदारांचा घात होतो तो याच वेषांतरानें, असें आम्हांस वाटतें. नफ्याच्या आशेनें आलेला सटोडिया तोटा होतांच 'दीर्घकालीन गुंतवणूकदार' बनतो.

तथापि मर्यादा कोठें लावावी याविषयींहि एक भ्रम आहे. मुंबईनें १८६४-६५ मध्यें आपली पहिली मोठी शेअरची लाट पाहिली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा पैसा शहरांत लोटला होता. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या आसपास गेला. युद्ध संपतांच तो कोसळला आणि पुढें २,००० च्याहि खालीं आला. खुद्द बँक ऑफ बॉम्बे बुडाली. त्या दिवसांत कोणीं स्टॉप-लॉस लावून ठेवला असता तरी घेणाराच नाहींसा झाल्यावर त्याचा उपयोग काय होता? जे तरले ते वेळीं विकून बाहेर पडले म्हणून किंवा मुळांतच थोडें लावलें म्हणून तरले. जे बुडाले त्यांतील पुष्कळ कर्जाच्या पैशानें आणि वायद्यानें खेळत होते. खरी मर्यादा भावास लावावयाची नसून रकमेस लावावयाची असते, आणि तीहि खरेदीच्या आधीं.

ही मर्यादा लावलेली नसतां केवळ भावाच्या मर्यादेवर विसंबणें हें खोटें धैर्य उत्पन्न करतें. कुलूप मजबूत आहे म्हणून घरांत शेजाऱ्याचाहि ऐवज आणून ठेवावा, तसें तें आहे. सेबीनें २०२४ च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, फ्यूचर्स आणि ऑप्शन यांत व्यवहार करणाऱ्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं ९३ टक्के व्यक्तींना तीन वर्षांत तोटा झाला असें आढळलें. सरासरी तोटा माणशीं सुमारें २ लाख रुपये होता. या लोकांना स्टॉप-लॉस ठाऊक नव्हता असें समजण्याचें कारण नाहीं; तो त्या बाजाराचा श्रीगणेशा आहे. परंतु पन्नास लहान तोटे मिळून एक मोठा तोटा होतो, आणि प्रत्येक लहान तोटा 'आपण शिस्त पाळली' या समाधानांत पचून जातो.

युधिष्ठिरास मर्यादा नव्हती हें वर सांगितलें. पण त्याच सभेंत भीष्महि बसले होते. त्यांनीं तरुणपणीं एकदां स्वतःस बांधून घेतलें होतें, आणि जग बदलल्यावरहि तें बंधन सोडलें नाहीं. ज्या वंशाच्या हितासाठीं प्रतिज्ञा केली त्याच वंशाचा नाश त्यांना पाहावा लागला. बंधन नसणें हा एक अपराध, आणि बंधनाचें कारण विसरून बंधन पाळणें हा दुसरा. आजच्या मनानें उद्यांच्या मनाचे हात बांधावे काय, या प्रश्नाचें आमचें उत्तर म्हणून असें: हात बांधूं नयेत, पण त्या मनास कारण दाखविल्यावांचून हालचाल करूं देऊं नये, तसेंच कारण दाखविल्यावांचून स्वस्थहि बसूं देऊं नये. मात्र ज्यास आपण कारण दाखवूं शकत नाहीं असें अनुभवानें कळलें असेल, त्यानें हात बांधून घेण्यांत कमीपणा मानूं नये. लंगडणाऱ्यानें काठी घेणें हा दोष नव्हे. पाय धड असतां काठीवर रेलणें हा दोष आहे.

हें सर्व कन्येस एका संध्याकाळीं सांगितलें. व्याख्यान लांबलें तेव्हां तिनें एक कोरा कागद पुढें ओढला आणि आपल्या चारहि शेअरांचीं नांवें लिहिलीं. प्रत्येकापुढें तीन रकाने केले: हा कां घेतला, काय घडलें म्हणजे तें कारण खोटें ठरेल, आणि यांत अधिकांत अधिक किती पैसे घालीन. तीन नांवांपुढें ती भरभर लिहीत गेली. चौथ्यापाशीं लेखणी थांबली. "हा मैत्रिणीनें सांगितला म्हणून घेतला," ती म्हणाली, "येथें लिहायला कांहींच नाहीं." त्या एका शेअरास तिनें स्टॉप-लॉस लावला, आणि बाकीचे तिघे तसेच ठेविले.

कागद तिनें स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेमागें टांचून ठेविला आहे. दिवाळीस तो काढून 'आज हे पैसे रोख हातांत असते तर' हा प्रश्न प्रत्येक ओळीस विचारावयाचा, असें घरांत ठरलें आहे. हा प्रश्न या घरांत पूर्वीं एकदां कोणीं विचारला होता आणि त्यास उत्तर मिळालें नव्हतें, हें आम्हीं तिला सांगितलें. तिला तें तिच्या आईकडून आधींच कळलेलें होतें.